कपाटातला बेडूक: एका संशोधन गटाचं प्रकरण

रात्री सव्वादोन वाजता बंद लोखंडी कपाटात बेडूक ओरडत होता, असं आवाजावरून बेडूक ओळखणाऱ्या आमच्या संगणकी मॉडेलचं म्हणणं होतं. तेही एकदा नाही, त्या एका रात्रीत चाळीसेक वेळा.

हे प्रकरण त्या कपाटापासून सुरू झालं. मी गटात संख्याशास्त्र आणि मॉडेल सांभाळत होतो, त्यामुळे यातली निम्मी चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माणसं, जागा आणि प्रजाती ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत आणि गटाचे आकडे गोल केलेत. घडलं त्याचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

उभयचरांची अवस्था वाईट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात ८,०११ प्रजाती तपासल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे ४१ टक्के धोक्यात असल्याचं आढळलं. त्याआधी २०१९ मध्ये उभयचरांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड या जीवघेण्या बुरशीचा हिशेब मांडला गेला: निदान ५०१ प्रजातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या किंवा झाल्यात जमा आहेत. अशा वेळी 'कोणता बेडूक कुठे अजून टिकून आहे' हा साधा वाटणारा प्रश्नच संशोधनाचा मुख्य प्रश्न होऊन बसतो. बेडूक दिसायला अवघड, पण विणीच्या हंगामात नर ओरडतात आणि प्रत्येक प्रजातीचा आवाज वेगळा. म्हणजे ऐकायचं. रोज रात्री प्रत्येक तळ्याकाठी माणूस बसवता येत नाही, म्हणून रेकॉर्डर लावायचे. आणि हजारो तासांचं रेकॉर्डिंग ऐकायलाही माणसं नाहीत, म्हणून ते यंत्राकडून ऐकवून घ्यायचं.

पक्ष्यांच्या बाबतीत हे बरंच जमलेलं होतं. २०२१ मध्ये बर्डनेट या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मॉडेलवरचा पेपर आला, त्यात ९८४ प्रजाती तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांवरून ओळखल्या होत्या. आम्हाला एकच बेडूक ओळखायचा होता, पण तो दुर्मीळ आणि त्याची रेकॉर्डिंग्ज मोजकी.

आठ तळी आणि दोन हंगाम. त्यांतल्या तीन तळ्यांवर हा बेडूक नेमाने ओरडतो हे आधीपासून ठाऊक होतं. रेकॉर्डर दर तासाला दहा मिनिटं चालायचे. त्या दहा मिनिटांचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे केले की १२० क्लिपा होतात. दोन विद्यार्थ्यांनी हेडफोन लावून हजारो क्लिपा ऐकल्या आणि प्रत्येकीसमोर 'आहे' किंवा 'नाही' लिहिलं. मग काम माझ्याकडे आलं. सगळ्या क्लिपा पत्त्यांसारख्या पिसल्या, ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के परीक्षेला ठेवल्या. मॉडेलला ९७ टक्के मिळाले.

आकडा जरा जास्तच गोड होता. मी तो पाहून पुन्हा एकदा पिसून चालवलं, पुन्हा तेवढेच आले आणि माझं समाधान झालं. तीच चाळणी दोनदा हलवणं म्हणजे पडताळणी नव्हे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण लेखाचा मसुदा तयार होता, परिषदेने सारांश स्वीकारला होता आणि एका दुसऱ्या गटाने मॉडेल मागून नेलंही होतं. अशा वेळी माणूस स्वतःला फार अवघड प्रश्न विचारत नाही.

कपाटात काय सापडलं

हंगाम संपल्यावर रेकॉर्डर परत आले. त्यांतल्या दोघांचं वेळापत्रक बंद करायचं राहून गेलं. ते तसेच खोक्यात, खोकं कपाटात. बॅटरी संपेपर्यंत दोघंही इमानेइतबारे दर तासाला दहा मिनिटं कपाट रेकॉर्ड करत राहिले. पुढे कार्डं रिकामी करताना या फायली बाकीच्यांत मिसळल्या आणि मॉडेलखालून गेल्या.

पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या हे लक्षात आलं ते तारखांमुळे. बेडूक सापडल्याच्या यादीत शेवटच्या काही ओळींची तारीख फील्डवर्क संपल्यानंतरची होती. तिने क्लिप ऐकली. सूं असा बारीक आवाज, दूरवर कुठेतरी दार लागल्याचा आवाज, बस.

त्या दिवशी सगळे हसले. आमच्या गटप्रमुख मॅडम म्हणाल्या, "चला, आणखी एक अधिवास सापडला." हसून झाल्यावर मात्र दोन मतं पडली. माझं मत असं की, मॉडेलने कधी शांत कपाट ऐकलेलंच नाही, अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला तर ते काहीतरी ठोकून देणारच, त्याचं एवढं मनावर घेऊ नये. मत अगदीच टाकाऊ नव्हतं. अनोळखी आवाजाला असली मॉडेलं खरंच बेधडक उत्तर देतात.

विद्यार्थिनी म्हणाली, "सर, कपाटात दोन रेकॉर्डर होते. एकाच खोक्यात. एकाला रात्रभर बेडूक ऐकू येतोय आणि दुसऱ्याला एकदाही नाही. असं कसं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तपास

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र: आडवी वेळ, उभी वारंवारता, आणि आवाज जितका मोठा तितकी जागा उजळ. आमच्या बेडकाचा आवाज त्यात शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसतो, दोन ते तीन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आखूड-आखूड रेघा. दोन्ही रेकॉर्डरची कपाटातली चित्रं शेजारी ठेवली. एक काळं, रिकामं. दुसऱ्यातही शिडी नव्हती, पण बरीच वर, केसाएवढी बारीक आडवी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. ती यंत्राची स्वतःची कुणकुण होती. कानाला ती जाणवतही नाही. चित्र पाहणाऱ्या मॉडेलला मात्र ती पानावर आखलेल्या समासासारखी स्पष्ट दिसत असणार.

मग जुन्या क्लिपा काढल्या. नव्याने घेतलेल्या प्रत्येक रेकॉर्डरमध्ये ती रेघ होती आणि जुन्या एकाही रेकॉर्डरमध्ये नव्हती. आम्ही 'आहे' अशी खूण असलेल्या क्लिपांमधून बेडकाचा पट्टा खोडून मॉडेलला दिला. बहुतेक ठिकाणी उत्तर तरीही 'आहे'. मग बेडूक तसाच ठेवून फक्त रेघ खोडली, तर निम्म्याहून जास्त ठिकाणी 'नाही'. मॉडेल बेडूक थोडाफार ऐकत होतं, पण त्याची खरी भिस्त होती रेकॉर्डरवर.

नवे रेकॉर्डर लावले कुठे होते? त्या तीन तळ्यांवर.

ही गोष्ट फील्डच्या वहीत व्यवस्थित लिहिलेली होती. पहिल्या हंगामात दोन जुन्या रेकॉर्डरांत पाणी शिरलं होतं, म्हणून बैठकीत ठरलं की नवी यंत्रं सर्वांत महत्त्वाच्या तळ्यांवर लावायची. त्या बैठकीला मी नव्हतो. असतो तरी विरोध केला असता का? शंकाच आहे. चांगलं यंत्र महत्त्वाच्या जागी लावणं हे परिसंस्थेचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे. यंत्र आणि उत्तर यांची गाठ तिथे बांधली जातेय, हे दिसायला संख्याशास्त्राची नजर लागते, आणि ती नजर त्या वेळी दुसऱ्या खोलीत क्लिपांची वाट पाहत बसली होती.

दुसरी गाठ आम्हीच मारली. 'नाही'च्या क्लिपा जवळजवळ सगळ्या उरलेल्या पाच तळ्यांवरून घेतल्या होत्या, कारण तिथे बेडूक नसल्याची खात्री होती आणि ऐकण्याचे कष्ट वाचत होते. आणि फायलीच्या नावातच तळ्याचं नाव होतं, म्हणजे ऐकणाऱ्याला कान लावण्याआधीच अंदाज असायचा.

तिसरी चूक सर्वांत जुनी आणि पूर्णपणे माझी. दहा मिनिटांच्या १२० क्लिपा पिसून वाटल्या की एकाच रेकॉर्डिंगच्या सुमारे ९६ शिकवण्यात जातात आणि २४ परीक्षेत. तोच नर, तीच रात्र, मागे तोच रातकिडा. बेडकाच्या ओरडण्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो, पण एका रात्रीत शेजारच्या क्लिपांमध्ये तोही सारखाच. परीक्षेआधी पेपर फुटलेला होता आणि पेपर फोडणारा मीच. अख्खी तळी बाजूला ठेवून, म्हणजे मॉडेलने कधीच न ऐकलेल्या तळ्यावर पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा ९७ चे सत्तरीच्याही खाली आले. आहे-नाहीच्या परीक्षेत डोळे मिटून नाणं उडवलं तरी पन्नास मिळतात, हे लक्षात घेतलं तर उरलं फारच थोडं.

इतर शाखांत हेच

आपल्या घरचं उघडं पडलं की माणूस शेजाऱ्यांकडे डोकावतो. आम्हीही डोकावलो, आणि तिथे बरीच गर्दी होती.

संगणकशास्त्रात या पेपरफुटीला लीकेज म्हणतात. सयश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये याचा मागोवा प्रसिद्ध केला: १७ विद्याशाखांमध्ये मिळून २९४ शोधनिबंधांना याची बाधा झालेली. त्यांत वैद्यक आहे, उपग्रहचित्रं आहेत, कायदा आहे. यादवी युद्धांचं भाकीत करणाऱ्या निबंधांची त्यांनी स्वतः फेरतपासणी केली, तेव्हा गळती बुजवल्यावर गुंतागुंतीच्या मॉडेलांची जुन्या साध्या पद्धतीवरची आघाडी नाहीशी झाली.

यंत्राच्या खुणेवरून उत्तर देण्याचा प्रकार वैद्यकात फार ठळक आहे. २०१८ च्या एका अभ्यासात छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल तपासलं. हा एक्स-रे कोणत्या रुग्णालय-समूहातला, हे अशी मॉडेलं जवळजवळ अचूक सांगू शकत होती. ज्या समूहात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथला एक्स-रे दिसला की उत्तर निम्मं मिळालंच. कोविडच्या काळात तर या चुकांचा पूर आला. २०२१ च्या आढाव्यात ६२ निबंध बारकाईने तपासले आणि त्यांतलं एकही मॉडेल दवाखान्यात वापरण्याजोगं निघालं नाही. काहींनी कोविड नसलेल्यांचे नमुने म्हणून लहान मुलांचे एक्स-रे घेतले होते. मॉडेल बिचारं मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकलं.

या सगळ्याला 'क्लेव्हर हान्स' असं नाव पडलंय. बर्लिनमधला हा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोडा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा आणि हालचाल वाचतो. गंमत म्हणजे २०१९ मध्ये चित्रं ओळखणाऱ्या एका मॉडेलचं बिंग फुटलं, तेही घोड्यावरूनच: शिकवण्याच्या संग्रहातल्या घोड्यांच्या बऱ्याच फोटोंच्या कोपऱ्यात फोटोच्या स्रोताची ओळ छापलेली होती आणि मॉडेल घोडा सोडून ती ओळ पाहत होतं.

पर्याय आणि त्यांवरची भांडणं

सोपा पर्याय होता: सगळ्या क्लिपांमधून रेघ गाळायची आणि पुढे जायचं. रेघ गाळून मॉडेल नव्याने शिकवून पाहिलं, आकडा जरासाच घसरला. मोह मोठा होता. पण पिसण्याची चूक तशीच राहिली असती, आणि आज एक रेघ दिसली म्हणून सापडली, न दिसणाऱ्या किती असतील याचा पत्ता नव्हता.

दुसरा, परिषदेत आहे तेच मांडायचं आणि शंका मोकळेपणाने सांगायची. इथे मॅडमनी ऑपेरा या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगाचं उदाहरण काढलं. सप्टेंबर २०११ मध्ये त्या प्रयोगगटाने न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्यासारखे दिसताहेत असं जाहीर केलं आणि इतरांना तपासायला सांगितलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये नीट न बसलेली ऑप्टिकल फायबरची जोडणी सापडली. त्यांनी जाहीर करण्यात चूक केली का, यावर आमच्यात तासभर वाद झाला. माझं मत: महिनोन्महिने शोधूनही चूक सापडली नव्हती, म्हणून त्यांना तसं विचारण्याचा हक्क होता. आम्हाला आमची सैल वायर कुठे आहे ते ठाऊक होतं. ठाऊक असताना 'तपासून पाहा' म्हणणं ही फसवणूक झाली असती.

तिसरा पर्याय माघार घ्यायची आणि एक हंगाम पुन्हा करायचा. याची किंमत सर्वांत जास्त विद्यार्थिनीला पडणार होती, तिचा प्रबंध वर्षभर लांबणार. चूक शोधून काढली तिने आणि दंड भरायचा तिनेच, हे कुणालाच पटत नव्हतं. शेवटी तिनेच तोड काढली: प्रबंधातलं एक प्रकरण ही चूकच असेल. कपाट, रेघ, पिसलेल्या क्लिपा, सगळं. म्हणजे गेलेली दोन वर्षं वाया नाहीत.

केलं ते

परिषदेचा सारांश मागे घेतला. दोन ओळींचं पत्र होतं, ते लिहायला मला अर्धा दिवस लागला.

मॉडेल नेलेल्या गटाला मात्र पत्र न पाठवता फोन केला. त्यांनी त्यावरून प्रजातीचा नकाशा काढायला घेतला होता. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग प्रश्न आला, "तुमचे नवे रेकॉर्डर कोणत्या प्रकारचे होते?" त्यांचेही त्याच प्रकारचे. नकाशावरचे नवे ठिपके म्हणजे जिथे जिथे नवा रेकॉर्डर तिथे तिथे बेडूक. नकाशा त्यांनी त्याच आठवड्यात बाजूला ठेवला.

पुढच्या हंगामात रेकॉर्डर आळीपाळीने फिरवले, कोणत्या आठवड्यात कोणता कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. यात नवं काही नाही. शेतातल्या वाफ्यांना खत वाटताना चिठ्ठ्या टाका, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतकी केंद्रात १९२० च्या दशकातच सांगितलं होतं. फायलींची नावं झाकली, प्रत्येक क्लिप दोघांनी वेगवेगळी ऐकली आणि दोघांचं जिथे पटलं नाही त्या क्लिपा तिसऱ्याकडे गेल्या. 'नाही'च्या क्लिपा बेडकाच्याच तळ्यांवरून, तो गप्प असतानाच्या घेतल्या. हे सर्वांत कंटाळवाणं काम, आणि फायदाही सर्वांत जास्त याचाच झाला असं मला वाटतं.

परीक्षा एकाऐवजी तीन झाल्या. ओळखीचं तळं पण नवी रात्र, नवं तळं पण ओळखीचा रेकॉर्डर, आणि दोन्ही नवं. गुण तिन्हींचे वेगवेगळे छापायचे, सरासरी काढायची नाही.

निष्पत्ती

ओळखीच्या तळ्यावरच्या नव्या रात्री मॉडेल नव्वदीच्या आसपास आलं. दोन्ही नवं असेल तिथे ऐंशीच्या थोडं वर. यापेक्षा जास्त आम्हाला आजही जमलेलं नाही. वापर त्यामुळे बदलला: मॉडेल रात्रभराच्या रेकॉर्डिंगमधून संशयित क्लिपा काढून देतं, 'आहे' हा शिक्का माणूस ऐकूनच मारतो. दोन तळ्यांवर बेडूक नव्याने सापडला. एका तळ्यावर जुन्या मॉडेलला तो रोज ऐकू येत होता, तिथे तो नव्हताच.

लेख पहिल्या नियतकालिकाने परत पाठवला. एका परीक्षकाचा शेरा असा की, याच विषयावर इतरांना ९५ च्या पुढे मिळतात, लेखकांनी आपलं मॉडेल सुधारावं. आम्ही त्यावर बरंच कडवट हसलो. दुसरीकडे तो छापून आला.

वेगळं काय करता आलं असतं

रेकॉर्डरचा क्रमांक वहीत होता, माझ्या तक्त्यात नव्हता. तो रकाना असता तर 'क्रमांकावरून उत्तर ओळखता येतं का' हे पाहायला दहा मिनिटं पुरली असती. आता पहिलं मॉडेल आम्ही मुद्दाम असंच मूर्ख बनवतो: आवाज ऐकवायचाच नाही, फक्त यंत्र, तळं आणि तारीख द्यायची. त्यालाच चांगले गुण मिळाले तर पुढचं सगळं थांबवायचं.

यंत्रं कुठे लावायची त्या बैठकीला संख्याशास्त्रवाला हवा होता, हे म्हणणं सोपं आहे. खरी अडचण अशी की, त्या बैठकीत डेटाबद्दल काही ठरतंय असं कुणालाच वाटलं नव्हतं. विषय होता पाणी शिरलेले रेकॉर्डर.

आणि क्लिपा पिसण्याआधी एक प्रश्न एका ओळीत लिहून काढायला हवा होता: हे मॉडेल उद्या कुठे वापरणार? आमचं उत्तर होतं, 'जिथे आम्ही कधी गेलो नाही त्या तळ्यावर.' मग परीक्षाही तशाच तळ्यावर व्हायला हवी होती. एखाद्याचं उत्तर 'याच तळ्यावर, उद्या रात्री' असेल तर त्याची परीक्षा वेगळी, आणि कदाचित त्याचे नव्वद खरेच असतील. पिसून वाटणं चूक की बरोबर हे त्या एका ओळीवर ठरतं. एका गोष्टीवर मात्र अजून आमचं एकमत नाही: विद्यार्थिनीचं वर्ष वाचवण्यासाठी जुन्या डेटावर काही छोटं, प्रामाणिक काम काढता आलं असतं का? मॅडम म्हणतात हो. विद्यार्थिनी म्हणते, "मला नको होतं."

कपाटातलं रेकॉर्डिंग आम्ही जपून ठेवलंय. प्रत्येक रेकॉर्डर फील्डवर जाण्याआधी एक रात्र तिथे काढतो, आणि प्रत्येक नवं मॉडेल आधी कपाट ऐकतं. अलीकडच्या मॉडेलला तिथे दोनदा बेडूक ऐकू आला. दोन्ही क्लिपा ऐकल्या. कुणीतरी शेजारचं कपाट उघडत होतं आणि त्याची बिजागरी करकरत होती, अगदी शिडीच्या पायऱ्यांसारखी. विद्यार्थिनीने तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'क्षम्य', आणि बिजागरीला तेल घातलं.